डोलीतलं डोलीत

केशवभावजींना किती वाजले म्हणून विचारलं, तर ते आधी उजव्या हाताने डावं मनगट झाकतात आणि मग विचारतात, "कोणाला सांगायचंय?"

घड्याळ चालू असतं. विचारणारा समोर उभा असतो. तरी पहिली चौकशी ही. एकदा मी म्हटलं, "कोणाला नाय सांगायचं, चुलीवर भात हाय." त्यांनी घड्याळात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मग भात बघा, वयनी. घड्याळात भात दिसत नाय."

पोलादपूरच्या स्टँडवर एसटीत चढले की कंडक्टर विचारतो, "कुठं?" भावजी मागेपुढे बघतात आणि हळू आवाजात म्हणतात, "उतरेन तिथवर." नवीन कंडक्टर भांडतो. जुना मुकाट्याने तिकीट काढून देतो, कारण ती गाडी जिथे जाते तिथे उतरण्यासारखी जागा एकच आहे.

बाजारातून सुकट आणली तर पिशवीवर टॉवेल टाकतात. सुकटीचा वास पाऊलवाटेने त्यांच्याआधी वाडीत पोचतो, कुत्री मागे लागतात, पण भावजींच्या तोंडून सुकट हा शब्द निघत नाही. मध्ये कसल्याशा पाहणीला मास्तरीणबाई आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "घरात माणसं किती?" भावजी म्हणाले, "मोजा." बाईंनी मोजली. एकच होतं. अनशीला, म्हणजे त्यांच्या बायकोला, जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

केशवभावजी माझे चुलतदीर. त्यांचं घर माझ्या घराला लागून, मध्ये एक कुंपण आणि त्यात बकरीने पाडलेलं भगदाड. मी चौथी शिकलेली बाई. पाचवीची शाळा नदीच्या पलीकडे होती आणि म्हशी अलीकडे होत्या. तेव्हा मला जसं येतं तसं मी लिहिते. या माणसाबद्दल आणि त्यांच्या मंडळाबद्दल महाडपासून पनवेलपर्यंत इतकं काय काय बोललं गेलं आहे, की कोणीतरी खरं लिहून ठेवायला हवं. भावजी स्वतः लिहिणार नाहीत. ते सहीसुद्धा हाताआड करतात.

मंडळाचं नाव बारा खांदे. आमची वाडी डोंगरात उंचावर आहे. गाडी खालच्या वाडीपर्यंत येते, तिथून वर दीड तासाची चढण. रस्ता दोनदा मंजूर झाला, दोनदा झाला आणि दोनदा वाहून गेला. म्हणून आजारी माणूस, अडलेली बाई, साप चावलेला गडी यांना डोलीतून खाली न्यावं लागतं. डोली म्हणजे भरीव बांबूला बांधलेली जाड चादरीची झोळी. चार जण उचलतात, बाकीचे आळीपाळीने. ते बारा खांदे. आमच्या सासऱ्यांच्या काळापासून हे चालत आलं आहे. खांदा थकला की दुसरा येतो, आणि आजवर बाराचे अकरा राहिले तर महिन्याच्या आत बारावा मिळाला आहे. तालुक्यात मोठमोठी मंडळं आहेत, त्यांचे फलक आहेत, त्यांच्या सत्कारांना शाली आहेत. आमच्या मंडळाकडे एक बांबू आहे. पण त्या बांबूवरून आजपर्यंत माणूस खाली पडलेलं नाही. हे मी तोंड वर करून सांगते.

आता त्यांचे नियम. नवीन खांदा घ्यायचा झाला की त्याचे डोळे फडक्याने बांधतात, त्याला डोलीत घालतात आणि सगळ्यात वाईट वाटेवरून खालीवर फिरवून आणतात. कारण साधं आहे. डोलीत पडलेल्या माणसाला आभाळाशिवाय काही दिसत नाही. पाय कोणाचा घसरला, कडा किती जवळ आला, काही कळत नाही. ती भीती ज्याच्या पोटात एकदा शिरली, तोच दुसऱ्याला जपून नेतो. त्यानंतर बांबूवर हात ठेवून शपथ घ्यायची. "उचललेलं सांडणार नाय, ऐकलेलं सांगणार नाय." वेदनेत माणूस काहीही बोलतो. सासूला शिव्या देतो, लपवलेलं ओकतो, देवाला नको ते कबूल करतो. ते वाडीत फिरायला लागलं तर पुढच्या वेळी कोणी डोलीच मागवणार नाही, घरीच मरेल. म्हणून डोलीतलं डोलीत. भावजींचा हा शब्द. दिवसातून दहा वेळा म्हणतात, बहुतेक वेळा डोलीचा काही संबंध नसताना.

दर शनिवारी दुपारी देवळामागच्या खोलीत त्यांचा सराव चालतो. डोलीत भाताचं पोतं ठेवतात, पोत्यावर पाण्याने भरलेला तांब्या. पाणी सांडता कामा नये. चौघांची पावलं एकदम पडली तर डोली झुलते, म्हणून प्रत्येकाने मुद्दाम वेगळं पाऊल टाकायचं. हे सोपं नाही. लहानपणापासून आपण एका पावलाने चालायला शिकतो, आणि इथे ते विसरायला शिकावं लागतं. खोलीचं दार बंद असतं, कारण माणसाशिवाय उचललेली डोली दिसली तर वाडी आजारी पडते, असं आम्ही बायकाच म्हणतो. म्हणजे दार आम्हीच लावायला लावलं, आणि दार कशाला लावतात म्हणून आम्हीच विचारत बसलो.

बंद दार, डोळ्यांवर फडकं, बांबूवर हात ठेवून शपथ. एवढं पुरे झालं. कोणी म्हणालं, खोलीत पुरलेला हंडा आहे. कोणी म्हणालं, नागाला दूध पाजतात. मी एकदा डोळे दाखवायला महाडला गेले होते. दवाखान्यात शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, "तुम्ही त्या डोंगरातल्या ना? तिथे म्हणे बारा जणांचं मंडळ आहे आणि ते दरसाल तेरावा बळी देतात." मी म्हटलं, "हो. मीच तेरावी." ती उठून पंख्याखाली जाऊन बसली. माझा नंबर तिच्याआधी लागला.

पण या सगळ्यात मोठी गोष्ट होती ती भावजींच्या पुटपुटण्याची. भावजी बुटके. बाकीच्यांच्या खांद्याला त्यांचा खांदा लागत नाही, ते बांबूखाली आले की डोली एका अंगाला कलते. म्हणून ते उचलत नाहीत. ते डोलीच्या बाजूने, माणसाच्या डोक्याशी चालतात आणि घरापासून गाडीपर्यंत त्याच्या कानात काहीतरी बोलत राहतात. थांबत नाहीत. वाडीतल्या प्रत्येकाने हे लांबून पाहिलेलं आहे. ज्या माणसाकडून वेळ निघत नाही, तो दीड तास बोलतो काय? आणि डोलीतून जाऊन बरी होऊन आलेली माणसं विचारलं तर मान फिरवतात. म्हणजे मंत्रच असणार. कोणी म्हणे, मंत्राने वेदना बांधतात. कोणी म्हणे, सोनं कुठे ठेवलंय ते काढून घेतात. आमच्या वाडीत सोनं कोणाकडे आहे, हे मात्र कोणी विचारलं नाही.

अनशीनेसुद्धा विचारलं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून विचारलं. "मी तुमची बायको हाय, मला तरी सांगा." भावजी म्हणायचे, "डोलीतलं डोलीत." अनशी माझ्या ओटीवर येऊन तांदूळ निवडता निवडता म्हणायची, "इंदूबाय, माझ्या बापाने मला कुलपाला दिली गो."

यंदाच्या शिमग्याला माझा मुलगा संजय मुंबईहून आला. वीर स्टेशनवर गाडीतून उतरला, रिक्षा केली, आणि वाडीत पाऊल टाकायच्या आधीपासून त्याचा मोबाईल चालू. शनिवारी दुपारी तो देवळामागे गेला. दाराच्या फटीला मोबाईल लावला. आत काय दिसलं? चार गडी अनवाणी, बांबू खांद्यावर घेऊन गोल फिरतायत, तोंडातून अवाक्षर नाही, आणि केशवभावजी पोत्यावर वाकून पोत्याच्या कानात पुटपुटतायत. पोत्याला कान नसतो, पण भावजी बोलत होते ते कानातच. संजयने ते मोबाईलवरून मुंबईच्या मित्रांना पाठवलं. खाली लिहिलं, डोंगरात हे काय चाललंय. रात्रीपर्यंत ते महाडला पोचलं, दुसऱ्या दिवशी सुरतेच्या माझ्या पुतण्याने मला फोन करून विचारलं, "काकी, आपल्याकडे पोती कधीपासून पुजतात?"

मी संजयला म्हटलं, "पुसून टाक ते."

"आई, आता ते पुसता येत नाही. सगळीकडे गेलं. आणि खोटं काय आहे त्यात? रजिस्टर नाही, फलक नाही, दार बंद. प्रूफ आहे."

"कशाचं प्रूफ?"

"तेच तर काका सांगत नाहीत ना."

चार दिवसांत खालच्या गावातून माणसं बघायला यायला लागली. पोरीबाळी देवळाकडे जाईनाशा झाल्या. शेवटी पोलीस पाटलांनी रविवारी सकाळी देवळात सभा बोलावली. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. केशवने कानात काय बोलतो ते सगळ्यांसमोर सांगायचं, नाहीतर खोलीची किल्ली द्यायची. किल्ली गेली की बांबू गेला, मंडळ बंद. पाऊस तीन महिन्यांवर आलेला. शेवंताच्या सुनेला चौथा महिना, म्हणजे ती ऐन श्रावणात बाळंत होणार. तिला खाली कोण नेणार, याचा विचार सभेला आलेल्यांपैकी कोणी केला होता की नाही, मला माहीत नाही. शेवंताने केला होता. ती खांबाला टेकून नुसती भावजींकडे बघत होती.

भावजी मधोमध बसले होते. बाकीचे अकरा त्यांच्यामागे, सगळ्यांच्या माना खाली. पोलीस पाटील म्हणाले, "केशवा, लोकं नाय नाय ते बोलतात. तू काय पुटपुटतोस ते सांग आणि मिटव एकदाचं."

"डोलीतलं डोलीत," भावजी म्हणाले.

"बरं, माणसांचं नको सांगू. पोत्याला काय सांगतोस ते तरी सांग."

भावजींनी विचार केला. "पोतंपण डोलीतच असतं," ते म्हणाले.

मागे कोणीतरी हसलं. पोलीस पाटील हसले नाहीत. त्यांनी हात पुढे केला. भावजींनी सदरा वर केला, करगोट्याला बांधलेली किल्ली सोडायला लागले. गाठ जुनी होती, सुटेना. एवढी माणसं बघतायत आणि हा म्हातारा पोटाशी मान घालून गाठ सोडतोय. शेवटी सुटली. किल्ली त्यांनी पोलीस पाटलांच्या हातात दिली नाही, समोरच्या फरशीवर ठेवली आणि हात मांडीवर घेतले. चाळीस वर्षं ती किल्ली त्यांच्या कमरेला होती. एक वाक्य बोलले असते तर परत मिळाली असती. ते बोलले नाहीत.

मी उभी राहिले. गुडघ्यामुळे मला उभं राहायला वेळ लागतो, तोवर सगळ्यांनी माझ्याकडे बघून घेतलं.

"शपथ यांनी घेतलीय," मी म्हटलं. "मी नाय घेतली."

"वयनी, बसा," भावजी म्हणाले.

"तुम्ही मला उचलायच्या आधी म्हणालात, डोलीतलं डोलीत, तुमचं पण आणि माझं पण. मी तेव्हा कण्हले. कण्हणं म्हणजे हो नव्हे."

संजय म्हणाला, "आई, तू डोलीत कधी होतीस?"

"तू मुंबईला नोकरीला लागलास त्या साली. तुला पाय मुरगळला म्हणून कळवलं होतं. मुरगळला नव्हता, मोडला होता. करवंदं काढायला गेले आणि दरडीवरून घसरले."

मग मी सांगितलं. मी बाई कशी आहे हे वाडीला माहीत आहे. नवरा गेला तेव्हा मी दुपारी गोठा साफ केला. पण त्या दिवशी डोलीत पडले, वर नुसतं आभाळ, आणि मला दरदरून घाम फुटला. मधल्या वाटेवर एक जागा आहे. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला काही नाही. मंडळवाले तिला खिडकी म्हणतात, म्हणजे आतल्या माणसाला कडा म्हणून कळू नये. मला कळलं होतं. मी ती वाट आयुष्यभर चालले आहे. खिडकीच्या अलीकडे मी ओरडायला लागले, मला खाली ठेवा, मी सरपटत जाईन. आईला हाका मारल्या. माझी आई तेव्हा जाऊन वीस वर्षं झाली होती. त्यांनी डोली खाली ठेवली. अर्धा तास थांबले. खिडकीअलीकडच्या पिंपळाखाली डोली थांबते ती कसल्या पूजेला, असं जे तुम्ही विचारता ना, ती माझ्यासारख्यांच्या पूजेला थांबते.

"आणि तेव्हा भावजी बोलत होते," मी म्हटलं. "मंत्र नव्हता. ते स्वतःचं सांगत होते. म्हशीला भितात हे सांगितलं. लहानपणापासून भितात, म्हणून दूध काढायला कधी जात नाहीत, आणि कंबर दुखते म्हणून खोटं सांगतात. मला पायाचं विसरायला झालं. मी म्हटलं, खरं सांगता काय? ते म्हणाले, पुढचं ऐका. आणि त्यांनी खुणेने डोली उचलायला सांगितली. वाट जितकी वाईट, तितकं ते आतलं सांगतात. ऐन खिडकीवर त्यांनी असं काही सांगितलं, की खिडकी कधी गेली मला कळलंच नाही. ते मी इथे सांगणार नाय. ते त्यांच्या घरातलं हाय. पण मंत्र कसला ते कळलं ना आता?"

 मग शेवंता खांबापासून पुढे आली.

"मला म्हणाले होते," ती म्हणाली, "मुंबईला नोकरीला गेले ते गिरणी बंद पडली म्हणून परत नाय आले. अकरा दिवस राहिले आणि रडायला यायचं म्हणून आले. माझं पहिलं बाळंतपण होतं. मला त्या कळांमधे हसायला आलं."

गोपाळतात्या म्हणाले, "आँ? मला म्हणाले, फक्त तुम्हाला सांगतो. तिसरीत दोनदा बसले हे."

"मला म्हणाले, देवाचा नारळ लहानपणी त्यांनी खाल्ला आणि मार भावाने खाल्ला."

"मला पोहता येत नाय म्हणाले. सावित्री नदीच्या खोऱ्यात जन्म गेला."

एकेक जण उठत होता. प्रत्येकाला वाटत होतं, भावजींचं गुपित आपल्या एकट्याकडे आहे. प्रत्येकाने ते दहा दहा, वीस वीस वर्षं सांभाळलं होतं. भावजींचे कान तांबडे झाले होते आणि ते फरशी बघत होते. त्यांचं सगळं आयुष्य तुकड्यातुकड्याने वाडीत ठेवलेलं होतं, आणि त्या सकाळी ते सगळे तुकडे एका जागी आले.

शेवटी पोलीस पाटील खाकरले. हा माणूस मागल्या साली मुतखड्याने लोळत होता, आणि नंतर सगळ्यांना सांगत होता की मी पायाने उतरून गेलो. म्हणाले, "केशवाचा तो वाघ पाहिल्याचा किस्सा खोटा आहे. ते रानडुक्कर होतं. मला… मला कळलंय ते कुठूनतरी."

"खिडकीवरून कळलं असंल," मी म्हटलं.

मग मात्र देऊळ हसलं. मागचे अकराही हसले. ते पुढेमागे चालताना सगळं ऐकत आले होते, सगळ्यांचंच, आणि इतक्या वर्षांत त्यांच्यातल्या एकाच्याही तोंडून काही बाहेर पडलं नव्हतं. दुसरं कोणतं मंडळ दाखवा मला. पोलीस पाटलांनी किल्ली उचलली आणि स्वतः भावजींच्या हातात दिली.

संजय दुपारभर मोबाईलशी बसला. संध्याकाळी म्हणाला, "मी खरं काय ते लिहून टाकलं सगळीकडे. पण ते कोणी पुढे पाठवत नाही."

"नायच पाठवणार," मी म्हटलं. "त्यात हंडा नाय."

"आई, हे आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

"तुला डोली लागली नव्हती."

त्याला ते लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतः भावजींकडे गेला आणि म्हणाला, "काका, माझे डोळे बांधा." मंडळात येणार नव्हता, त्याला मुंबईला परत जायचं होतं, पण म्हणाला, एकदा बघतो. नेला त्याला. परत आला तेव्हा सदरा घामाने पाठीला चिकटला होता आणि ओठ पांढरे. मी पाणी दिलं. विचारलं, "काय सांगितलं रे तुला खिडकीवर?"

संजयने तांब्या खाली ठेवला. "डोलीतलं डोलीत," म्हणाला.

म्हणजे भावजींकडे अजून शिल्लक होतं.

संजय गेल्यावर दोन दिवसांनी, दिवस कलायच्या सुमाराला, भावजी कुंपणाच्या भगदाडातून आले आणि माझ्या ओटीवर बसले. त्यांना मी चहा दिला. त्यांनी कप टॉवेलाने झाकला नाही, हे मी पाहिलं.  मग म्हणाले, "वयनी, सगळ्या वाडीला माझं माहीत होतं."

"होतं."

"अनशीला सोडून."

 अनशी चार वर्षांपूर्वी गेली. अंगणात भात पाखडताना सूप हातातून पडलं आणि ती पडली. मी धावत गेले तोवर संपलं होतं. तिला डोली लागलीच नाही. उभ्या जन्मात ती एकदाही डोलीत बसली नाही.

"घरात बोलायला जीभ उचलायची नाय," भावजी म्हणाले. "चालताना बरं असतं. माणूस आभाळाकडे बघत असतं. आपल्याकडे बघत नाय. तिला म्हणायचो डोलीतलं डोलीत. ती म्हणायची, मग माझ्यासाठी काय हाय? मी म्हणायचो, सुकट हाय."

आता त्या दिवशी खिडकीवर ते मला काय म्हणाले होते, ते इथे लिहायला हरकत नाही, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. ते म्हणाले होते, "वयनी, मला रात्री झोप लागत नाय. अनशी लग्न होऊन आली तेव्हा तिचे हात बांगड्यांनी भरलेले होते. कूस बदलली की वाजायच्या. त्या आवाजाने मी झोपायचो. आता कामाला आड येतात म्हणून ती दोन-दोनच घालते. वाजत नाहीत. बायकोला हे सांगायचं कसं?"

मी कप उचलून बाजूला ठेवला.

"भावजी," मी म्हटलं, "पायाला प्लास्टर घालून मी घरी आले, त्या दिवशी अनशी मला जेवण घेऊन आली. मी तिला सांगितलं."

"काय सांगितलं?"

"खिडकीवरचं. सगळं."

ते माझ्याकडे बघत राहिले.

"त्या सोमवारी ती पोलादपूरच्या बाजारात गेली आणि हात भरून आली. डझन डझन काचेच्या. आठवतं? वाडीने काय कमी हसून घेतलं तिला? नातवंडं व्हायच्या वयात नवी नवरी म्हणाले. ती म्हणाली, हौस हाय माझी. लावणीला चिखलात फुटायच्या, मनगटं कापायची, तरी परत भरून यायची. शेवटच्या दिवशी सूप पाखडत होती तेव्हापण हात भरलेलेच होते."

भावजींनी टॉवेल खांद्यावरून काढला, घडी केली, परत उलगडला.

"मला वाटायचं, तिची हौसच हाय," ते म्हणाले.

"तिने मला शपथ घातली होती, यांना कळू द्यायचं नाय म्हणून. ती मात्र मी पाळली. कण्हले नव्हते, हो म्हणाले होते."

"मग आज का मोडलीत?"

"ती गेली. शपथ कोणाला लागायची?"

कोंबड्या खुराड्याशी गोळा व्हायला लागल्या होत्या. खालून एसटीचा हॉर्न ऐकू आला. शेवंताची सून पाण्याची कळशी घेऊन समोरून गेली, तिला मी एवढी जड कळशी उचलू नको म्हणून दोन शब्द सुनावले. भावजी तसेच बसून होते. मनात म्हटलं, याच माणसाला आता कोणीतरी खिडकीवरून पलीकडे न्यायला हवं, आणि मला काही आतलं सांगता येत नाही. मला तेवढं येत नाही. म्हणून मी आपलं विचारलं, "भावजी, वाजले किती?"

त्यांनी मनगट पुढे केलं. झाकलं नाही.

"सव्वासहा," म्हणाले.

एसटी खाली सव्वासहाला येते आणि हॉर्न वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यांचं घड्याळ मागे आहे. मी त्यांना सांगितलं नाही.